मिलकामावशींचा राहिलेला मलिदा

ठाण्याहून निघालो त्या सकाळी शेजारच्या काकू टॅक्सीत सामान चढवणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, "इस्राएलच ना?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्यातला जो उठे तो लोदला नाहीतर बीरशेबाला जाई. माझा भाऊ आणि बहीण केव्हाच गेले होते. आम्ही मात्र सिंगापूरला निघालो होतो, कारण माझ्या नवऱ्याला, सॅम्युएलला, तिथल्या रिफायनरीत नोकरी लागली होती. मुलगी माझ्या कडेवर झोपली होती. आई दाराशी उभी राहून शेवटपर्यंत एकच बजावत होती, "तिथे सगळे बगदादी आहेत. मान ठेव, पण मिंधी होऊ नकोस."

ज्यांना हे कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. बोलतो मराठी, आणि आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. बगदादी ज्यू मागाहून आले, व्यापार करायला. आधी अरबी बोलत, मग इंग्रजी. मुंबईत त्यांनी आम्हाला कधी बरोबरीचं मानलं नाही. आईच्या बोलण्यात तो सगळा राग होता, आणि मी तो इस्त्री करून बॅगेत ठेवला होता.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सॅम्युएल कंपनीच्या बसने जेट्टीवर जाई आणि तिथून लाँचने बेटावरच्या प्लांटवर. जुरोंगकडच्या त्या बेटांना तेव्हा पूल नव्हता. मी मुंबईत स्टाफ नर्स होते, इथे नुसती डिपेंडंट पासवरची बायको. ओला नारळ कुठे मिळतो, एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, कुठल्या दाराने बाहेर पडायचं हे शिकून झालं आणि मग घर खायला उठलं. तेव्हा कळलं की समाजाची एक संस्था आहे, तिथे फुकट दवाखाना चालतो आणि मदतीला माणसं हवी आहेत.

संस्था म्हणजे सिनेगॉगच्या मागच्या दोन खोल्या. एकीत एक निवृत्त डॉक्टर रक्तदाब तपासत आणि औषधं देत. दुसरीत राशेलआंटी टेलिफोनवर ओरडत. त्या बगदादी, सत्तरीच्या, अंगाने भरलेल्या, आणि सगळा कारभार त्यांच्या हातात. कुणाला कवळी, कुणाला व्हीलचेअर, कुणाला शुक्रवारचं जेवण, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात पडलेल्याला कोशर, म्हणजे आपल्या धर्माला चालणाऱ्या जेवणाचा, डबा. कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि आभार ऐकत बसायचं नाही, हा त्यांचा कायदा. मी जखमा धुवायची, पट्ट्या बांधायची, पण अंतर राखून. चहा विचारला की "आत्ताच झाला" म्हणायची.

एका सोमवारी राशेलआंटींनी मला जवळजवळ ओढतच क्वीन्सटाउनला नेलं. तिथल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये मिलकामावशी एकट्या राहत. आमच्यातल्याच, पनवेलच्या. नवरा बंदरात कारकून होता, तो वारला, मुलगा ऑस्ट्रेलियात. मधुमेहाने त्यांच्या पायाचं बोट काळं पडलं होतं. डॉक्टर म्हणत होते, या आठवड्यात बोट काढलं तर पाय वाचेल, नाहीतर पाय जाईल आणि कदाचित बाईही जाईल. संस्थेने हॉस्पिटलात सगळी व्यवस्था केली होती. मावशी फक्त मान हलवत होत्या. नाही म्हणजे नाही. राशेलआंटींचं मत, म्हातारी घाबरली आहे, आणि तिचं इंग्रजीही आता आटलं आहे.

मी मराठीत हाक मारली तर मावशींनी आधी माझं माहेर विचारलं, मग सासर, आणि मी कुणाची कोण हे जुळल्यावर म्हणाल्या, "मेले, इतके दिवस कुठे होतीस?" मग पायाकडे बोट करून म्हणाल्या, "मी घाबरत नाही गं. माझा नवस राहिलाय."

मुलगा जहाजावर होता तेव्हा एकदा त्याचं जहाज वादळात सापडलं होतं. मावशींनी एलियाहू हानाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, मलिदा बोलला आणि मुलगा सुखरूप आला. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडे, भोवती फळं आणि वासाला सब्जाची डहाळी. ताट पुढ्यात ठेवून पुरुषांनी प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांनी वाटून खायचं. जगभरच्या ज्यूंमध्ये हे फक्त आमच्याकडे. इथे आमच्या चालीत म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मावशींनी ठरवलं, पनवेलला गेल्यावर करू. पनवेलला जाणं झालंच नाही.

"पहिलंच फेडलं नाही, आता कुठल्या तोंडाने त्याला हाक मारू?" त्या म्हणाल्या. "आधी मलिदा. मग खुशाल सुरी लावा."

मी हे संस्थेच्या खोलीत येऊन सांगितलं तेव्हा तिथे बसलेले एक बगदादी आजोबा टोपी सारखी करत म्हणाले, "दॅट इज नॉट अवर कस्टम." माझं डोकंच फिरलं. मी पर्स उचलली. आईचं खरं ठरलं याचा, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. तेवढ्यात राशेलआंटी आपल्या सिंगापुरी इंग्रजीत त्यांच्यावर उखडल्या. "सो? हर लेग इज ऑल्सो नॉट युअर लेग! वी गिव्ह टीथ, वी गिव्ह टॅक्सी, धिस वन ऑल्सो कॅन गिव्ह, लाह. वेन्सडे यू फ्री ऑर नॉट?"

मी पर्स खाली ठेवली.

लिटल इंडियातून पोहे आणून मी राशेलआंटींना दिले आणि म्हटलं, धुऊन ठेवा. पण बगदादी बाई तांदूळ धुते तो शिजवायलाच. बुधवारी निघताना त्यांच्या पातेल्याचं झाकण काढलं तर आत कोंबडीच्या रश्शात रटरटवलेले पोहे, वर तळलेला कांदा. वास छान होता, नाही म्हणत नाही. नशिबाने थोडे पोहे मी माझ्याकडे ठेवून घेतले होते, ते मावशींच्या मोरीत बसून भिजवले.

त्या ब्लॉकची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. मावशींच्या दारापर्यंत जिना चढावा लागे. बगदादी म्हातारे कठडा धरून, दम खात, एकेक करून वर आले. टोपीवाले आजोबा सगळ्यांत पुढे. राशेलआंटी सगळ्यांत मागे, प्रत्येक पायरीला गुडघ्यांच्या नावाने अरबीत काहीतरी पुटपुटत. सॅम्युएलने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. त्याचा आवाज बेताचाच, पण चाल पक्की कोकणातली. शब्द तेच हिब्रू, तरी बगदादी गप्प झाले. त्यांची चाल वेगळी. सॅम्युएल एकटाच म्हणत राहिला. एके ठिकाणी तो चुकला तर मावशींनी डोळे न उघडता हात वर केला आणि ती ओळ त्याला पुन्हा म्हणायला लावली. दुसऱ्या खेपेला टोपीवाल्या आजोबांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला आणि आमच्या चालीत सूर मिसळला. मग बाकीचेही. मला रडू फुटलं. किती वर्षांचं होतं कोण जाणे. नंतर राशेलआंटींनी चहाचा कप हातात दिला तेव्हा मी मुकाट्याने प्यायले, आणि त्यांचे कोंबडीतले पोहेही दोनदा वाढून घेतले.

दुसऱ्या दिवशी मावशींना ऑपरेशनला नेत होते. ट्रॉलीवरून त्यांनी मला खाली वाकायला खुणावलं. "नवा नवस बोललेय."

"पायासाठी?"

"छे! ह्या राशेलच्या गुडघ्यांसाठी. जिना चढताना किती कण्हत होती."

मी थट्टेने विचारलं, "फेडणार कुठे? पनवेलला?"

मी खुळी असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पनवेलला आता कोण बसलंय? घरी! आणि पोहे तू भिजव हो, तिच्या हाती देऊ नकोस."

बोट गेलं, पाय राहिला. राशेलआंटींचे गुडघे होते तसेच होते, पण मावशींनी ते सुधारले असं परस्पर धरून मलिदा करून टाकला.

लोदहून आणि ठाण्याहून घरचे सगळे विचारत असत, तुझं घर आता कुठलं. मला नीट सांगता येत नसे. मी स्वतः नवस बोलायची तो नेहमी शेपूट जोडून: ठाण्याला आले की फेडीन. इथे आपण पाहुणे, हे देवालाही ठाऊक असलेलं बरं. पुढच्या वर्षी मुलगी तापाने फणफणली, औषध लागू पडेना. तिच्या उशाशी बसून मी एलियाहू हानाबीला मलिदा बोलले. ताप उतरला, तिने खायला मागितलं, आणि तिला पेज भरवताना माझ्या लक्षात आलं की या वेळी शेपूट जोडलंच नव्हतं. पेज संपल्यावर मी राशेलआंटींना फोन केला आणि म्हातारे गोळा करायला सांगितले.