खैराची काठी आणि मेलेल्या होड्या

काच कोचीहून आली आणि साडेतीन इंच जास्त भरली.

नीलकंठन आशारींना त्यात विशेष काही वाटलं नाही. काचवाले चुकतातच, असं त्यांचं मत होतं. एकाहत्तर वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काच मागवली होती, पण मत आधीपासून तयार होतं.

कैनकरीत पंपा नदीच्या काठाला त्यांची शेड आहे. आजोबांनी तिथे वळ्ळमं बांधली, भाताची पोती वाहणाऱ्या लांब होड्या. वडिलांनीही तीच बांधली. मग पूल झाले, रस्ते झाले, भात लॉरीतून जायला लागला आणि वळ्ळमं काठाला कुजत पडली. त्या काळात नीलकंठन आशारी देवळांच्या खिडक्या दुरुस्त करून पोट भरत होते. पुढे कुणीतरी एका जुन्या वळ्ळमावर बांबूचं छप्पर घातलं, आत पलंग टाकला, आणि जिथे पोती निजत होती तिथे माणसं निजायला लागली. त्यांना हाउसबोट म्हणायचं ठरलं. धंदा परत आला. आशारींची एकच तक्रार होती.

"पोतं कधी आरसा मागत नाही," ते म्हणत.

बांधायची रीत मात्र बदलली नाही. रानफणसाच्या लांब फळ्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या, फटींत काथ्या ठासायचा, वरून काजूच्या टरफलांचं काळं तेल चोपडायचं. खिळा एकही नाही. आणि शेडमध्ये लोखंडी टेप आणायचा नाही. वाकस, पटाशी चालते, कारण ती कापते. मोजणारं लोखंड खोटं बोलतं, असं वडील सांगून गेले होते.

मोजायला खैराची काठी होती. एक कोल लांब, तिच्यावर चोवीस अंगुळांच्या खुणा. ती आजोबांकडून वडिलांकडे आली, वडिलांकडून नीलकंठन आशारींकडे. काठी ज्याच्या हातात, तो मूत्ताशारी, आशाऱ्यांतला म्हणजे सुतारांतला थोरला. होडी पाण्यात ढकलताना नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, पहिला हात त्याचा. आणि होडीचं वयही तोच सांगतो. काठीने होडीचा घेर मोजायचा, त्या आकड्याला गुणायचं, भागायचं. शेवटी पाचांपैकी एक वय हाती येतं. बाल्य, कौमार्य, यौवन, वार्धक्य, मरण. होडी यौवनात बांधायची. मरणात बांधली तर ती पाण्यात उतरण्याआधीच मेलेली असते. म्हणून हिशेबात मरण आलं तर घेर थोडा वाढवायचा.

या काठीने बापलेकांनी मिळून बेचाळीस होड्या बांधल्या. बेचाळीसच्या बेचाळीस यौवनात.

त्रेचाळीसावी तयार होती. चंपाकुळमच्या ईप्पच्चन मुदलाळींची, म्हणजे शेठांची. ती पाण्यात उतरली की काठी श्रीलेखाकडे जायची होती. श्रीलेखा ही आशारींची एकुलती एक मुलगी, वय अडतीस. सोळा वर्षं ती शेडमध्ये फळ्या शिवत होती, आणि तिची शिवण वडिलांपेक्षा घट्ट, हे सगळी कैनकरी जाणून होती. तरी चार वर्षं काठी देणं लांबत होतं. एका वर्षी पूर आला. एका वर्षी शनी आडवा आला. एका वर्षी आशारींचा गुडघा आला.

"काठी पुरुषाकडून पुरुषाकडे जाते," ते म्हणत. "मी नियम मोडतोय. नियम मोडायचा तर घाई करून कसं चालेल?"

"करू नका घाई," श्रीलेखा म्हणे. "मी साठीची झाले की द्या."

तर काच बसली नाही. काचवाला स्वतः आला. त्याच्या हातात टेप होता म्हणून त्याला पायऱ्यांवरच थांबवलं.

"आशारी, तुम्ही काय सांगितलं होतं? तीन कोल. तीन कोल म्हणजे सात फूट एक इंच. मोजा काच. सात फूट एक इंच."

"खिडकीही तीन कोल आहे."

"मग खिडकी खोटं बोलतेय."

"माझी खिडकी?"

"मग माझा टेप? कारखान्यातनं आलाय तो. त्याला तुमच्याशी काय वैर?"

श्रीलेखाने काठी आणली आणि पायरीवर टेपाशेजारी ठेवली. काठी जेमतेम सव्वा इंचाने कमी निघाली. बरोबर एक अंगुळ. कोलामागे एक अंगुळ, तीन कोलांमागे तीन.

काचवाल्याने टेप गुंडाळला. त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटेना.

"पावसापाण्यानं आखडली असेल," तो म्हणाला.

"खैर आखडत नाही," आशारी म्हणाले आणि पायरीवर बसले.

आतल्या ओसरीत त्यांची मोठी बहीण कार्त्यायनी पेज पीत बसली होती. वय चौऱ्याऐंशी. कान शाबूत.

"एक अंगुळ ना?" ती आतूनच म्हणाली. "ते चुलीत गेलं."

सगळे आत गेले.

"तू अम्माच्या पोटात होतास," ती सांगायला लागली. वडिलांना ती अच्छन म्हणे. "अच्छन आलप्पुळाला लाकूड आणायला गेले होते. भात उतू चालला होता आणि अम्माला वाकता येत नव्हतं. दाराशी काठी दिसली. तिनं झाकण सारलं. टोकाला जाळ लागला."

"आणि?"

"आणि काय? अच्छन यायला तीन दिवस होते. जळकं टोक तिनं कापलं, जुन्या खुणा तासून काढल्या, नव्या पाडल्या. चोवीस. ती काय आशाऱ्याची लेक नव्हती? मी काठी धरून बसले होते. माझे हात दुखले."

"चेच्ची, सत्तर वर्षं तू गप्प बसलीस?"

"कुणी विचारलं?" ती म्हणाली. थोड्या वेळाने तिला आणखी आठवलं. "भात मात्र त्या दिवशी छान झाला होता."

नीलकंठन आशारी दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना सगळ्या होड्यांचे घेर तोंडपाठ होते. कोळसा घेऊन ते शेडमधल्या फळ्यांवर हिशेब मांडत बसले. आता खऱ्या कोलाने. श्रीलेखा आकडे पुसत होती, कारण त्या फळ्या पुढच्या होडीच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. बेचाळीसपैकी एकेचाळीस होड्या मरणात निघाल्या. यौवनात एकच. कुंजुमोनची.

"कुंजुमोनची कुठली?" श्रीलेखाने विचारलं.

"बुडाली ती."

घराण्याच्या इतिहासात एवढी एकच होडी बुडाली होती. ऊन पडलं होतं, वारा नव्हता, आत कुणी नव्हतं. काठाला बांधलेली होती. दुपारी माणसं जेवून आली तर छप्पर तेवढं पाण्यावर होतं. कारण कुणालाच कळलं नव्हतं.

"आता कळलं," आशारी म्हणाले. कळलं म्हणजे नक्की काय कळलं, ते त्यांनाही सांगता येईना.

काचवाल्याने बातमी पोटात ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी मालक आले, आपापल्या हाउसबोटींतून. शेडपुढे अकरा हाउसबोटी उभ्या राहिल्या आणि लहान होडीवाल्यांना कालव्यातून निघता येईना. सगळ्यांना एकच विचारायचं होतं. आशारींनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं.

"म्हणजे माझी अठरा वर्षं मेलेली आहे?" एक मालक म्हणाला. "अहो, तीनशे जोडपी मधुचंद्र करून गेली तिच्यावर."

"त्यांचं पुढे बरं आहे का?" आशारींनी काळजीने विचारलं.

"बरंच म्हणायचं. एकांना तर जुळं झालं."

दुसऱ्या एकाने विचारलं, होडीचं तेरावं करायचं असतं का, आणि करायचं तर मेल्याची तारीख कुठली धरायची. एका मालकाच्या बायकोने चर्चमध्ये होडीच्या आत्म्यासाठी प्रार्थना ठेवायला सांगितली होती. पाद्रीबुवांनी आधी होकार दिला आणि मग विचार करून सांगतो म्हणाले. संध्याकाळी सगळे आपापल्या मेलेल्या होड्यांत बसून घरी गेले. एकीलाही गळती नव्हती.

राहिली त्रेचाळीसावी. तीही मरणातच होती, हे वेगळं सांगायला नको.

"ही काठी मी तुला देणार नाही," आशारींनी श्रीलेखाला सांगितलं.

"चार वर्षं मी बाई म्हणून देत नव्हतात. आता?"

"आता ती खोटी आहे म्हणून."

"मग खरी द्या."

"खरीने तरुण निघालेली मी एकच पाहिली."

श्रीलेखा हसली. आशारी हसले नाहीत. पाण्यात उतरवायचा मुहूर्त गुरुवारचा होता, आणि मंगळवारी ईप्पच्चन मुदलाळी आले. गडी जाडजूड, बसले की बाक बोलायचा.

"मूत्ताशारी, मला मेलेली होडी नको. माझ्या आईचं नाव द्यायचंय तिला. आई जिवंत आहे. तुम्ही शिवण उसवा, घेर वाढवा, काय ते करा, पण तरुण करून द्या."

"करून देतो," आशारी लगेच म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला. "हे बरोबर आहे. उसवायचीच. श्रीलेखा, किती वाढवावी लागेल?"

श्रीलेखाने आकडा काढूनच ठेवला होता. तिने सांगितला.

"एवढा घेर ऐकल्यासारखा वाटतोय," ईप्पच्चन म्हणाले.

"ऐकलाच असेल. कुंजुमोनच्या होडीचा आहे."

"बुडाली ती?"

"तीच."

ईप्पच्चननी कोरा चहा संपवला. पेल्यात पाहिलं. आणखी थोडा मागितला, तोही संपवला.

"मूत्ताशारी," ते म्हणाले, "मेलेलीच असू दे."

"आत्ता तर नको म्हणालात."

"आई तरंगायला हवी. ती मेलेल्यात तरंगली काय, जिवंतात तरंगली काय, तिला काय कळतंय? फक्त तिला सांगू नका."

"मुदलाळी, मला नाही जमणार. चुकून बांधली ते वेगळं. आता मला माहीत आहे. मेलेली आहे हे माहीत असताना नाळेला हात कसा लावू? तो काय तिरडीचा खांदा आहे?"

"एकेचाळीस वेळा लावलात, बापलेकांनी मिळून."

"तेव्हा मला ती तरुण दिसत होती."

होडी शेडमध्ये तयार, बांबूवर ठेवलेली. मालक घ्यायला तयार. आणि ढकलायला कुणी नाही. मूत्ताशाऱ्याचा हात लागल्याशिवाय होडीला हात लावतील असे गडी अख्ख्या कुट्टनाडात मिळायचे नाहीत.

"मला ती तरुण दिसते," श्रीलेखा म्हणाली.

"तुला हिशेब माहीत आहे."

"तुमचा. मी सोळा वर्षं या काठीने मापं घेतली. दुसरी काठी मी हातात धरलेली नाही. या काठीने ती यौवनात आहे. मी ढकलते."

"काठी हातात नसताना?"

"तेच म्हणतेय."

आशारी पुटपुटले, "पुरुषाकडून पुरुषाकडे..." त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

"कुठली रे पुरुषाकडून?" कार्त्यायनी ओसरीवरून म्हणाली. "आजोबांची काठी अम्माने तासून टाकली. ही अम्माची. तिनं अच्छनना दिली, ते कळलं नाही त्यांना. तुलाही बाईचीच मिळाली. सत्तर वर्षं बाईच्या काठीने पोट भरलंत आणि आता नियम सांगतोस."

"अप्पच्ची, हे आधी बोलायचं ना," श्रीलेखा म्हणाली. "चार वर्षं वाचली असती."

"कुणी विचारलं?"

ईप्पच्चन हळूच म्हणाले की त्यांना उशीर होतोय.

नीलकंठन आशारी उठले. भिंतीवरच्या खुंटीवरून त्यांनी काठी काढली. तिच्या टोकाशी बोट फिरवलं. तिथे एक बारीक काळा डाग होता. लहानपणापासून ते त्याला लाकडाचा डोळा समजत आले होते. मग त्यांनी काठी श्रीलेखाच्या हातात दिली. समारंभ गुरुवारी व्हायचा होता, नेसायला नवा मुंडू आणून ठेवला होता, तो तसाच राहिला.

बुधवारी काचवाला काच कापायला आला. टेप पायऱ्यांवरच ठेवायचा हे त्याला आता माहीत होतं. श्रीलेखाने काचेवर तीनदा काठी टाकली, खडूची रेघ मारली. त्याने रेघेवर कापली. काच बसली. उरलेली पट्टी कार्त्यायनीने लोणच्याच्या बरण्यांवर झाकायला मागून घेतली.

गुरुवारी श्रीलेखाने नाळेला हात लावला, गड्यांनी हाक दिली, आणि होडी पाण्यात गेली. नीलकंठन आशारी गुडघाभर पाण्यात उभे होते. सगळे वर आले तरी ते वर येईनात. पुन्हा पुन्हा वाकून तळाकडे बघत होते. दुपारी त्यांना तिथेच पेज नेऊन दिली. तिसऱ्या प्रहरी ते होडीत चढले, तळाच्या प्रत्येक फटीवर तळहात ठेवून पुढून मागे गेले. तळहात कोरडा राहिला.

"काय म्हणतेय?" काठावरून ईप्पच्चननी विचारलं.

"काही नाही," आशारी म्हणाले. "मेलेली काय म्हणणार?"

आता ते शेडबाहेर पायरीवर बसतात. कोळसा हातात घेत नाहीत. आठ दिवसांनी कुमरकोमचा एक माणूस आला, चपला काढून उभा राहिला. त्याला हाउसबोट बांधून हवी होती. थोडं घुटमळून म्हणाला, तसलीच हवी, मेलेली.

"ते आत विचारा," आशारी म्हणाले. "मला फक्त चुकून बांधता येत होती."

आत श्रीलेखा फळीवर काठी टाकत होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्याकडे सगळ्या तरुणच आहेत," ती म्हणाली. "चालतील का?"

त्या माणसाने वळून आशारींकडे पाहिलं. आशारींनी डोळा मिचकावला.