टेकलेली बाजू

सांडोर गावच्या हेलनला फायनलमध्ये दोनदा कुणी आडवं केलं असेल, तर एका ठोकळ्यानं! साल होतं १९४९. सातवीची फायनल पास झालं की शाळेत मास्तरीण होता यायचं, आणि हेलनच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. पण भूमितीच्या पेपरात घन आला की संपलं. पुस्तकातल्या चित्रात घनाच्या बाजू दिसायच्या तीन, कडा नऊ, कोपरे सात. ही बया दिसेल तेवढं प्रामाणिकपणे मोजायची आणि तेच लिहून यायची.

तिचे वडील रुडॉल्फ केळीचे बागाईतदार. ते म्हणाले, "आता शेवटचं परीक्षेला बस. यंदा नापास झालीस तर पुस्तकं बंद, सोयरीक बघतो."

"बघाच तुम्ही, पास होते की नाही!"

घरात खरा घन आणायचा कुठून? तिनं कोयता घेतला, वाडीतल्या केळीचा जमिनीतला एक गड्डा उपटला आणि सगळीकडून तासून चौकोनी केला. घाईत कोंब फुटलेलाच गड्डा उचलला, म्हणजे पुढच्या वर्षीचं झाडच कापलं की! बागाईतदाराच्या मुलीनं असं करावं?

"अक्कल गहाण ठेवलीस काय?" रुडॉल्फ कडाडले.

हेलननं ठोकळा त्यांच्या हातावर ठेवला. "मारा हवं तर. पण आधी याच्या बाजू मोजा."

त्यांनी तो फिरवून पाहिला. "सहा. यात मोजायचं काय?"

"मी तीन लिहिल्या, बाबा. दोन्ही वेळा." आणि तिला रडूच कोसळलं.

रुडॉल्फ हसायला लागले, पण तिचं तोंड बघून त्यांनी हसू आवरलं. "गो वेडे, टेकलेली बाजू दिसत नाही, म्हणून ती नाहीच होय?"

दुसऱ्या दिवशी घड उतरवलेल्या झाडांचे पाच गड्डे त्यांनी ओट्यावर आणून टाकले. कोयत्याला धारही लावून दिली.

मग हेलन हटलीच नाही. घन झाला, इष्टिकाचिती झाली, शंकू झाला. डोळे मिटून बोटांनी मोजायची: घनाच्या कडा बारा, कोपरे आठ. चिकाचे काळे डाग परकरावरून कधी गेले नाहीत. परीक्षेत तिची बोटं हवेत फिरताना बघून पर्यवेक्षक ओरडलेसुद्धा. ओरडू देत! पोरगी पास झाली.

चार वर्षांनी शाळेत फळ्यावरच्या घनाकडे बघत लुसी नावाची मुलगी म्हणाली, "बाई, तीन बाजू."

हेलनबाई रागावल्या नाहीत. ताजा तासलेला ठोकळा त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. "डोळे मीट, आणि मोज."

गड्डे पोचवायला आलेले रुडॉल्फ दारातच उभे होते. त्यांना राहवेना. "सहा गो, सहा!"

"बाबा, तुम्हाला नाही विचारलं!"