बोरू उभे आहेत ना?

डीटलिंडे क्रेचमार तळ्यात पडली तो ऑक्टोबरातला पहिला शुक्रवार होता. पडता पडता ती ओरडली, "टोपली धर! मला सोड!"

मी टोपली धरली. आज कुणी विचारलं तर लाज वाटते, पण त्या क्षणी मला तेच बरोबर वाटलं, कारण डीटलिंडेने काही सांगितलं की माणूस ते करतो. टोपलीत तिची पांढरी कुमुदिनी होती, काठावरच्या उथळ पायरीवरून उचलून तळ्याच्या खोल मध्यात न्यायची, म्हणजे थंडीत कंद गोठत नाही. दरवर्षीचं काम. या वर्षी रबरी बुटात पाय मुरगळला आणि खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्समध्ये चढवतानासुद्धा बाई त्या पोरांना म्हणत होती, "जरा थांबा रे, झाकण लावलंय का बघू दे टाकीला."

आमच्या बागवसाहतीत, म्हणजे राहायला नाही, नुसती बाग करायला भाड्याने घेतलेल्या जागांत, तिचा प्लॉट एक्केचाळीस, माझा चाळीस. मधे फक्त कुंपणाची झुडपं, आणि तीही अध्यक्ष लोबेकसाहेब मोजपट्टी लावून मोजतात. मी लाइपझिगमध्ये आले त्याला आता सत्तावीस वर्षं झाली, प्लॉट घेतला त्याला सोळा. पहिली दहा वर्षं डीटलिंडे मला "बाई, तुमचा पाइप गळतोय" यापलीकडे बोलली नाही. अकराव्या वर्षी तिने आलुबुखारचा केक भाजला, कॉफी ओतली आणि शपथविधी असावा तशा चेहऱ्याने म्हणाली, "आजपासून मला अगं-तुगं करायचं. मी विचार करून सांगतेय."

तिने तेहतीस वर्षं ट्राम चालवली. लग्न केलं नाही. "दर चार मिनिटांनी थांबा येतो, त्यात कोण पसंत करणार?" असं म्हणायची. शहाऐंशी साली डेपोमागच्या एका बंगल्यातलं तळं बुजवायला घेतलं, तेव्हा चिखलात उताणा पडलेला हा कंद तिने उचलला, कामाच्या पिशवीत घातला आणि उरलेल्या चार फेऱ्या तशाच मारल्या. पायाशी चिखलाचं डबकं झालं होतं म्हणे. पुढच्या वर्षी तिने हे तळं स्वतः खणलं. तेव्हापासून पहिलं फूल ज्या दिवशी उघडतं ती तारीख ती अवजारांच्या खोपटाच्या दारावर आतून पेन्सिलीने लिहिते. सदतीस तारखा आहेत. एकही वर्ष गाळलेलं नाही. पोरंबाळं असलेल्या घरी भिंतीवर उंचीच्या खुणा असतात, तसं तिचं ते दार.

म्हणून दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा तिने स्वतःच्या पायाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"टोपली किती खोल सोडलीस?"

"माझ्या कमरेपर्यंत."

"तुझी कंबर म्हणजे माझी मांडी. अजून एक पायरी ढकल. पिवळी पानं देठापासून काप. वर जाळी बांध, नाहीतर अक्रोडाचा पाला पडून कुजेल. आणि काठावरच्या बोरूंना हात लावायचा नाही."

"अजिबात?"

"फार वाटलंच तर पाण्याच्या वर दीड वीत ठेवून काप. पण शक्यतो नकोच. उभे राहू देत."

मी सगळं केलं. गार पाण्यात छातीपर्यंत उतरून टोपली ढकलली, पानं कापली, जाळी ताणून बांधली. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी वसाहतीचं पाणी आणि वीज बंद होतात, त्याआधी सगळं संपलं. मी स्वतःवर खूश होते.

मग नोव्हेंबरात एक्केचाळीसच्या पेटीत समितीचं पत्र आलं. पेटीची किल्ली माझ्याकडे. "तळ्याकाठची वाढ अस्ताव्यस्त असून प्लॉटची निगा राखलेली दिसत नाही. दुसरी सूचना. पाहणी शनिवारी." पहिली सूचना तिला मे महिन्यात कुंपणाच्या उंचीवरून आली होती. तिसरी आली की प्लॉट सोडायचा, हा नियम वसाहतीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लावलेला आहे.

बाई हाड मोडून, दवाखान्यातून पुढे डोंगरातल्या आरोग्यधामात पडलीय, आणि इकडे तिचं तळं जाणार. तिला कळवावं, तर ती कुबड्या घेऊन पळत येईल. लोबेकसाहेबांना जाऊन भेटावं, तर त्यांनी मला नव्या नवलाईच्या दिवसांत अशी तीन पत्रं पाठवली होती की त्यांची सायकल दिसली तरी मी अजून नकळत वाफ्यांच्या कडा सरळ करते. सोळा वर्षांत मी इथल्या लोकांपेक्षा इथली झालेय. माझ्या कोबीच्या रांगा दोरी लावून असतात.

शुक्रवारी दुपारी मी कात्री घेतली आणि बोरू कापले. दीड वीत वर ठेवून कापले, मागे सरून पाहिलं. खुंट वरखाली, दात पडल्यासारखे दिसत होते. साहेब म्हणणार, हे काय अर्धवट काम. मग बाह्या वर करून, हात बधिर होईपर्यंत, सगळे पाण्याखाली चार बोटं कापले. पाणी काचेसारखं मोकळं दिसू लागलं. शनिवारी लोबेकसाहेब आले, मोजपट्टी न काढताच म्हणाले, "वा! असं पाहिजे," आणि गेले. मी घरी येऊन शिरा केला.

रविवारी डीटलिंडेचा फोन.

"बोरू उभे आहेत ना?"

"का गं?"

"का काय? पोकळ असतात ते. बर्फ धरला की त्यांच्या नळ्यांतूनच तळं श्वास घेतं. पाण्याखाली कापले की नळीत पाणी शिरतं, मुळं गुदमरून सडतात. त्यांच्याबरोबर खालचं सगळं सडतं. आपल्या वसाहतीत व्यवस्थितपणाने जेवढी तळी मेलीत ना, तेवढी थंडीने मेली नाहीत. उभे आहेत ना?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी पंचावन्न वर्षांची बाई, दोन पोरांना खोटं बोलू नका म्हणून वाढवलेली, मी म्हणाले, "आहेत की. मस्त उभे आहेत."

दोन डिसेंबरला पारा उणे नऊवर गेला.

मी रात्रभर जागी नव्हते, पण पहाटे उठून आधी खिडकीतला पारा बघायचा हे अंगवळणी पडलं. बर्फ फोडायचा नाही, वितळवायचा, एवढं मला माहीत होतं. वसाहतीत पाणी नाही, वीज नाही. म्हणून घरीच पातेलंभर पाणी उकळायचं, दोन मोठ्या थर्मासांत भरायचं, पातेलं पिशवीत घालायचं आणि अकरा नंबरच्या ट्रामने बागेत जायचं. बर्फावर पातेलं ठेवून त्यात उकळतं पाणी ओतायचं. अर्ध्या तासात पातेलं हळूहळू खाली बसतं आणि गोल भोक पडतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा धरलेलं. मग मला सुचलं, कापलेले बोरू खताच्या ढिगाजवळ पडले होते, त्यांची मनगटाएवढी मोळी बांधली आणि त्या भोकात उभी खोचली. निदान नळ्या तरी होत्या. मुळं नव्हती एवढंच.

खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं, हाच खरा छळ. माणूस आजारी असलं तर कपाळाला हात लावून बघता येतं. इथे वर पांढरा बर्फ, खाली काळं पाणी, आणि त्याखाली कुठेतरी सदतीस वर्षांचा कंद. मोळीभोवती कधी कधी बुडबुडे अडकलेले दिसायचे. एकदा मी पालथी पडून वास घेतला. सडल्याचा होता की चिखलाचा, ठरवता येईना.

आणि दर रविवारी फोन. तिच्या पायाचे व्यायाम, नर्सेस, बेचव सूप, मग ती पुतणीकडे राहायला गेल्यावर तिथला आळशी कुत्रा. सगळं झालं की शेवटी, "आणि बोरू? उभे आहेत ना?"

"आहेत."

ती सावकाश म्हणायची, "बरं." चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, हिला संशय आला. मग वाटायचं, छे, झाडाच्या काळजीने विचारते बिचारी. कित्येकदा ठरवलं, आज सांगून टाकायचं. पण ती नेमकी म्हणायची, आज पहिल्यांदा काठीशिवाय चार पावलं टाकली, आणि मला वाटायचं, आज नको.

एप्रिलमध्ये ईस्टरनंतर पुतणीने तिला गाडीतून आणलं. काठीने टकटक करत ती तळ्यापाशी आली. बर्फ कधीच गेला होता. काठाला बोरूचे हिरवे कोंब यायला हवे होते, तिथे काळे मऊ खुंट होते. मधोमध माझी मोळी तिरकी उभी होती, सुतळीच्या गाठीसकट.

डीटलिंडेने काठी उचलून मोळीकडे केली.

"हे का ते? मस्त उभे आहेत म्हणालीस ते?"

मी रडायलाच लागले. पत्र, पाहणी, कात्री, सगळं एका दमात सांगितलं.

"मला माहितीय," ती म्हणाली.

"काय?"

"योखेन आला होता डिसेंबरात, केक घेऊन. मी शिकवलेला पोरगा, अकरा नंबर चालवतो. म्हणाला, तुमची ती हिंदुस्थानी मैत्रीण रोज सकाळी पिशवीतून डोकावणारं पातेलं घेऊन बागेच्या थांब्यावर उतरते, उणे अकरात, सहलीला जाते की काय? पातेलं कशाला लागतं ते मला कळणार नाही? बोरू उभे असते तर पातेलं लागलं नसतं."

"म्हणजे डिसेंबरपासून? मग दर रविवारी विचारत का होतीस?"

ती माझ्याकडे वळली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, माझा पाण्याचा पाइप तिच्या गुलाबांवरून ओढला गेला होता तेव्हाही नाही.

"तू सांगावंस म्हणून! अजून कशाला? बोरू काय, बोरू पुन्हा लावता येतात. मी तिकडे उताणी पडून दर रविवारी तुझ्यासाठी दार उघडं ठेवत होते, आणि तू दर रविवारी लावून घेत होतीस. सतरा वेळा, विभा. मी मोजलंय."

ती पुतणीला म्हणाली, "चल," आणि गेली. पूर्ण मे महिना ती माझ्याशी कुंपणावरून फक्त कामापुरतं बोलली. अगं-तुगं मात्र सोडलं नाही. मी त्यालाच धरून होते.

कुमुदिनीचं काही दिसेना. इतरांच्या तळ्यांत पानं तरंगू लागली, आमच्यात नुसतं पाणी. जूनच्या दहा तारखेला मी तिच्या तळ्यात पाणी भरायला गेले आणि टोपलीवर, खूप खोल, नखाएवढं तांबूस काहीतरी दिसलं. मी हाक मारली. ती काठी न घेताच आली, आणि आम्ही दोघी गुडघे टेकून, तिला डॉक्टरांची मनाई असतानाही, तासभर त्या एका पानाकडे बघत बसलो.

फूल एकोणतीस जुलैला उघडलं. दारावरच्या सगळ्या तारखांपेक्षा उशिरा, आणि बशीएवढं असायचं ते वाटीएवढंच. डीटलिंडे खोपटात गेली, खिळ्याला बांधलेली पेन्सिल सोडवली आणि माझ्यासमोर धरली.

"मी?"

"सगळी थंडी कोण आलं होतं? लिही."

मी सदतीस तारखांच्या खाली अडतिसावी लिहिली. पेन्सिल परत द्यायला हात पुढे केला, तिने घेतली नाही.

"अजून एक ओळ. खाली लिही, बोरू उभे नव्हते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. मग मी दाराला एक हात टेकला आणि तिच्या समोर, तिच्या भाषेत, चार शब्द लिहिले. अक्षर वाकडं आलं. तिने चष्मा लावून वाचलं, मान हलवली आणि कॉफी ठेवायला गेली.