न चाखता घातलेलं मीठ

आमचा धंदा सैपाकाचा. लग्न, बारसं, सप्त्याची पंगत, काहीही सांगा. केज-अंबाजोगाईकडच्या गावांत आम्ही पाच बायका टेम्पोत बसून जातो. झारे-उलथणी आपली, डेगा त्या-त्या गावच्या. मला सगळ्या अक्का म्हणतात, माझी धाकटी जाऊसुद्धा. माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी चुगली करायला नको.

लग्नाच्या सैपाकात काही अडत नाही. चाखा, मीठ टाका, पुन्हा चाखा. सप्त्याच्या शेवटच्या दिवशीचं, काल्याचं जेवण मात्र वेगळं. देवाला नैवेद्य गेल्याशिवाय त्यातला थेंबही जिभेवर ठेवायचा नाही, आणि नैवेद्य जायचा तो पंगत बसायच्या तोंडावर. मोजून मीठ घालावं म्हटलं तर प्रत्येक गावची डेग वेगळी, डाळ वेगळी, पाण्याचं तर विचारूच नका. मग एवढ्या माणसांच्या आमटीला मीठ किती? ते मी वाफेवरून ओळखायचे. डेगीवर वाकायचं, वास घ्यायचा, मूठभर टाकायचं, परत वास. वीस वर्षांत माझी आमटी एकदाही बिघडली नाही. लई मिजास होती मला त्याची.

पण त्यापायी सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला शिकल्या. "अक्का, मीठ?" "अक्का, जाळ कमी करू?" "अक्का, पुऱ्या लाल व्हायल्यात." आगं मग काढ की बाहेर! पण न्हाई, मी सांगेपर्यंत झारा हलायचा नाही. एका गावी मी हातपाय धुवायला गेलते. परत येऊन बघते तर जाऊबाई मिठाची परात धरून उभीच्या उभी, आणि आमटी उतू जाऊन चूल विझायला आलेली. मी तिला नको नको ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "अक्का, मागं एकदा मी माझ्या मनानं जाळ ओढला, तर तुमी समद्यांम्होरं माझा हात झटकला व्हता."

झटकला होता. मला चांगलं आठवत होतं. तिच्याकडं बघायची मला लाज वाटली.

मी ठरवलं, दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारलं की सांगायचं नाही. "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणायचं. सांगायला सोपं हो! जीभ नुसती वळवळायची. शेवटी मी तोंडात लवंग धरून बसायला लागले. बायकांना आधी वाटलं माझी दाढ दुखते, मग वाटलं मी रुसले. भात बघणारी तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अक्का, आमचं काय चुकलं?" दोन पंगतींत पुऱ्या कडक झाल्या, एकदा शिऱ्यात गुठळ्या राहिल्या. मी लवंग चावली. मग हळूहळू झारे हलायला लागले, आणि मला खुर्चीवर बसून चहा प्यायला मिळायला लागला. एवढं सुख मी सैपाकाच्या जागी कधी पाहिलंच नव्हतं!

मीठ तेवढं राहिलं. जाऊबाईला डेगीवर वाकवलं. "वास घे. काय येतंय?"

"आमटीचा वास येतोय."

कपाळ माझं! पण रागावू कुणावर? मला नेमका कशाचा वास येतो ते मलाच सांगता येईना. तिला म्हटलं, "तुझं तू शोध बाई. मला काही सांगता यायचं न्हाई."

असं असताना घाटनांदूरकडच्या एका गावचं काल्याचं जेवण आलं. पंचक्रोशी जेवायला येणार. सकाळी आठला चुली पेटल्या, डाळ शिजत आली, आणि आमच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, फोन. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या आमच्या लेकीच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. ते तिला घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात निघाले होते. दिवस भरायला अजून आठवडा होता. माझा एक डोळा रस्त्याकडं, एक डेगीकडं. आमटीला मीठ पडायचं होतं. जेवण बिघडलं असतं तर दहा गावांत आमची अब्रू गेली असती, आणि बोल जाऊबाईला लागला असता.

"हे बघ, आधी दोन मुठी..." मी सुरू झाले.

"अक्का, जावा," ती म्हणाली. "आमटी तर आपली नेहमीचीच हाय. लेक पहिल्यांदाच बाळंतीण व्हायलीय." आणि तिनं मला ढकलतच गावातल्या एकाच्या मोटारसायकलवर बसवलं.

दवाखान्याच्या बाकावर मी फोन मांडीवर घेऊन बसले. दहा वाजले. फोन नाही. अकरा वाजले. काय केलं असेल बाईनं? दोनदा नंबर काढला, दोनदा फोन उलटा ठेवला. मग आतून रडणं ऐकू आलं, नर्सबाई म्हणाली, "मुलगी झाली," आणि देवाशप्पथ, त्यानंतर आमटी नावाची गोष्ट जगात आहे हेच मी विसरले. तीन वाजता नात मांडीवर झोपली तेव्हा एकदम आमटी आठवली. फोन लावला.

"आमटी?"

"पुरली. आधी सांगा, काय झालं?"

"नात झाली. मीठ?"

तिकडं सगळ्यांचा एकच कालवा. मग ती म्हणाली, "बराबर पडलं."

"वास आला व्हय तुला?"

"कशाचा वास अन् काय! पुजारीबाबाकडं गेले. म्हणलं, बाबा, आज देवाला लवकर जेवू घालता का? ते म्हणले, देव काय घड्याळ बांधून बसलाय व्हय? मग हात आखडून मीठ घातलं, वाटीभर आमटी नैवेद्याला धाडली. नैवेद्य झाला, चाखायला मोकळं. जेवढं कमी वाटलं तेवढं गरम पाण्यात इरघळून वरून सोडलं."

वीस वर्षं तोच देव, तोच नैवेद्य, आणि मला हे कधी सुचलं नाही! खरं सांगते, क्षणभर राग आला.

"म्हंजी देवाला आळणी जेवू घातलंस?"

"देवानं तक्रार न्हाई केली, अक्का. पंगतीनं केली आसती."

मला जे हसू फुटलं! त्यात ती पुढं म्हणाली, "अन् एक सांगायचंय. शेजारच्या गावच्या सप्त्याची सुपारी मी घिऊन टाकली. तुमाला इचारलं न्हाई. तुमी नातीपाशी बसा."

मी इतकी हसले की नर्सबाई ओरडली आणि लेक जागी झाली.

"आई, कावून हसायलीस गं? काय झालं?"

"माझं काम गेलं."

"मग त्यात हसायला काय झालं?"

"आगं, मीच घालवलंय ते."