कोऱ्या कापडाच्या पट्ट्या

आमच्या घोडीच्या पायांना पट्ट्या बांधायच्या त्या पावसाळ्यात. वडील डॉक्टर होते; मालवणहून कट्टा गावाच्या बाजूला टांग्याने व्हिजिटला जात. झड लागली की टांगा निघत नसे, आणि तबेल्यात नुसतं उभं राहून घोडीचे पाय गुडघ्याखाली सुजत. मग कापसाचा जाड थर, त्यावर जुन्या फ्लॅनेलची पट्टी. सकाळी सोडायची, पाय चोळायचा, पुन्हा बांधायची. हे वडील स्वतः करत.

त्या वर्षी काकांच्या आजारपणासाठी त्यांना मुंबईला जावं लागलं. निघताना ते टांगा हाकणाऱ्या तांडेलाला म्हणाले, "यंदा तिचा पाय गेला तर दुसरं जनावर घेणार नाही. मोटार घेईन." त्यांनी आवाज चढवला नव्हता, म्हणूनच ते खरं वाटलं. तांडेल पूर्वी शिडाच्या मचव्यावर होता. मचवा फुटला तसा तो आमच्याकडे आला, आणि घोडीपाशीच झोपू लागला. तिच्याशिवाय त्याला काही उरलं नव्हतं.

मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमधून नुकतीच परतले होते. मालवणी कळे, पण बोलताना जीभ अडे, म्हणून पडवीत बसून बघत असे. तबेला समोरच होता.

फ्लॅनेलला बुरशी धरली तेव्हा तांडेलाने बाजारातून मांजरपाटाचं जाडंभरडं कापड आणून त्याच्या पट्ट्या फाडल्या. कापूस दमट लागला म्हणून टाकून दिला. पट्ट्या बादलीत बुडवून त्याने पुढच्या दोन्ही पायांना आवळून गुंडाळल्या.

"ओल्या कशाला?" मी विचारलं.

"सुको कपडो सरकता गो बाय. शिडाची दोरी आमी वल्ली करूनच बांधतंव. मगे ती हलाची नाय." मग हसून म्हणाला, "तुमच्या इंग्रजी शाळेत घोड्यांचे पाय बांधूक शिकयतत काय?"

त्याने मच्छरांसाठी नारळाच्या सोडणांची धुरी घातली. त्या उबेत पट्ट्या वाळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोडीने गवताला तोंड लावलं नाही. ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकी, आणि लगेच परत. पट्ट्यांवर एक सुरकुती नव्हती. वरच्या कडेला केस ताठ उभे राहिले होते.

"तिला दुखतंय," मी म्हटलं.

"उभी आसा मां? उभी आसा म्हणजे बरी आसा." पण या वेळी तो हसला नाही. सारखा वाकून गाठ तपासत होता, आणि प्रत्येक वेळी थोडी ओढत होता.

मी आत जाऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "त्येका कळता. तू मधे पडा नको."

"मांजरपाट नवीन आहे."

आईचा हात थांबला. "कोरां?"

ती कोरं कापड भिजवून, आटवून घेतल्याशिवाय साधं पोलकंसुद्धा बेतत नसे. सूप तसंच ठेवून तिने कात्री घेतली.

गाठ सुटेना. पट्टीखाली कात्रीचं टोक शिरेना. तांडेल घोडीचं तोंड धरून उभा राहिला आणि आईने वरून, धाग्याधाग्याने कापत आणलं. खाली केसांवर कापडाची वीण उमटली होती. डावा पाय संध्याकाळपर्यंत निवळला. उजव्याची मागची शीर मात्र फुगत गेली आणि धनुष्यासारखी बाहेर आली.

वडील येईपर्यंत तांडेल शेकत बसे. जेवण तिथेच नेऊन द्यावं लागे. माझ्याशी तो एकदाच बोलला. "डाक्टर काय म्हणतीत गो?"

वडील आले ते छत्री मिटून सरळ तबेल्यात गेले. खाली बसून शिरेवरून अंगठा फिरवला. घोडीने पाय उचलून धरला, तो टेकला नाही. त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मग उठले आणि हात धुवायला पाणी मागितलं.

रोग्याच्या घरी काही न बोलता ते पाणी मागत, तेव्हा घरची माणसं काय समजत, हे सगळ्या व्हिजिटांना बरोबर जाणाऱ्या तांडेलाला माहीत होतं. तो तांब्या घेऊन आला. वडिलांच्या हातांवर धार धरली, साबण जाईपर्यंत, आणि साबण गेल्यावरही.