दिवे घाटात टाकीचं झाकण

माझा देवावर राग होता, हे आधीच सांगतो. चार वर्षांपूर्वी माझ्या छातीत दुखलं, तेव्हा बायको जेजुरीच्या खंडोबाला नवस बोलली, की हे बरे झाले तर आम्ही दोघं आपल्या ट्रकनं येऊन भंडारा उधळू. मी बरा झालो. जायचं राहत गेलं आणि गेल्या वर्षी तीच गेली. नवस बोलणारी नाही आणि फेडणारा देवाशी बोलत नाही, असा मामला.

ट्रक जुना, पेट्रोलचा, खडकीला लष्कराच्या लिलावात घेतलेला. मंडईत भाजी टाकण्यात त्याचा जन्म गेला. वर्षभर तो तापला की बंद पडायचा. रेडिएटर धुतला, कार्बुरेटर दोनदा उघडून साफ केला, पेट्रोलची नळी इंजिनाच्या धगीपासून लांब बांधली. फरक शून्य. मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारात द्या. एसटीनं आलेला नवस देव परत पाठवत नाही." बरोबरच होतं त्याचं. पण ती ट्रकनं म्हणाली होती. शेवटी ठरलं, वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी ट्रकनं जेजुरी गाठली तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाला.

दिवे घाटात तो खोकला आणि मेला. पेट्रोल नळीतच उकळून वाफ धरतं, हे माझं ठाम मत. पंपावर ओलं फडकं टाकलं, वीस मिनिटं थांबलो. चालू झाला, पुढच्या वळणावर पुन्हा बंद. असं तीनदा झालं. मग दगडावर बसलो आणि देवाला म्हणालो, तुला आम्ही यायला नको असेल तर तसं सांग.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक धनगरीण आली, माझ्याच वयाची. कुठं निघालात, विचारलं. जेजुरीला, हा चालला तर, म्हटलं. तिची नजर टाकीच्या झाकणावर गेली. बायको दर खेपेला तिथं हळदीकुंकवाचं एक बोट लावायची. ती गेल्यावर मी लावत होतो. पुरुषाचा हात, तेलात हळद कालवून वर्षभर थरावर थर थापले होते. "देवाकडं चालली हाय गाडी, जरा घेते," म्हणत तिनं नखानं खपली काढून कपाळाला लावली. टाकीत सूं करून हवा शिरली.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते मीच लिंपलं होतं. हवा शिरेना, म्हणून पेट्रोल पुढं जाईना. थांबलो की थोडी थोडी झिरपायची, आणि मी समजायचो, गार झाला. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "एवढी हळद तर नवरीलाबी लावत न्हाईत, बाबा." आणि मेंढरांमागं गेली.

ट्रक पुढं कुठंही थांबला नाही. ती कोण, कुणी धाडली, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की मी दोष सगळीकडं शोधला, माझ्या हाताखाली सोडून. देवाशीही बहुतेक तेच केलं.

गडावर भांडायचं ठरवून गेलो होतो. भंडारा उधळला, बायकोच्या वाटचाही. मग हात जोडले आणि भांडण काही आठवेना. म्हटलं, आता ती तुझ्याकडं आहे. पहाटे उठल्या उठल्या तिला चहा लागतो, तेवढं बघ.