हातोडीचा आवाज

चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझं जुन्या सुट्या भागांचं दुकान. भंगारात गेलेल्या गाड्यांचे शॉकअप, पाटे, लोअर आर्म मी घेतो, धुऊनपुसून विकतो. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात. तो तुटला की चाक आडवं होतं आणि गाडी ड्रायव्हरची राहत नाही.

हा आर्म विकण्याची आमची एक पद्धत आहे. गिऱ्हाइकासमोर तो तारेला टांगायचा आणि हातोडीनं ठोकायचा. खणकन वाजला तर निर्धोक. बद्द वाजला तर आत चीर, मग भंगारात. डोळे फसतात, कान फसत नाहीत, असा माझा तोरा होता.

त्या सकाळी एक जीपवाला आला. घरची माणसं घेऊन कपिलधारला देवदर्शनाला निघाला होता. मी आर्म टांगला, आणि तेवढ्यात कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक दुकानासमोर आली. डीजेनं पत्रे थरथरत होते. मी ठोकलं. मला काहीही ऐकू आलं नाही. जीपवाला माझ्या तोंडाकडं बघत होता, गाडीतली माणसं खोळंबली होती. मी मान डोलावली आणि ओरडलो, "खणखणीत हाय!"

शेजारच्या मेस्तरीनं आर्म बसवला, जीप गेली. रस्ता शांत झाल्यावर, विकलेला आर्म ज्या भंगार गाडीतून निघाला होता तिचाच दुसरा आर्म मी सहज ठोकला. बद्द. पुन्हा ठोकला. बद्दच.

जीपवाल्याचा फोन लागेना. जॅक, पाने, हातोडी आणि एक खणखणीत आर्म पिशवीत टाकून मोटारसायकल काढली. अख्ख्या रस्त्यात मला लई भ्या वाटलं, खोटं कशाला सांगू. घाटाच्या अलीकडं रस्त्याकडेला घोळका दिसला. जवळ गेलो तर सीताफळं विकायला बसलेल्या बायका. मी गाडी तशीच दामटली. पुढं कपिलधारचा उतार होता आणि प्रत्येक वळणावर मी खालच्या झाडीत बघत होतो.

जीप खाली उभी होती, अख्खी. माणसं धबधब्याकडून परतत होती.

"कावून आलात एवढ्या लांब?" जीपवाल्यानं विचारलं.

"त्यो आर्म काढू. मला शंका हाय."

दोघांनी मिळून तो काढला. मी दगडावर ठेवून एकच घाव घातला. त्याचे दोन तुकडे झाले. आतली चीर जुनी होती, गंजून काळी पडलेली. जीपवाला खालीच बसला. त्याची लहान मुलगी पुढच्या सीटवर चढून केव्हाची हॉर्न वाजवत होती.

"आता चढाला लागलो असतो आमी," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई पुढं झाली. प्रसादाचा नारळ तिनं माझ्या हातात दिला. "देवानंच धाडलं बाबा तुमाला. न्हाईतर गिऱ्हाइकापाठी एवढं कोण येतंय?"

मिरवणुकीच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नव्हतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडं बघत होते, हात जोडून. मला त्या उतारापेक्षा जास्त भीती तेव्हा वाटली.

मी नारळ घेतला.